दगडाआज्जीनं गाळलेली ओळ

रविवारच्या भक्तीच्या शेवटी सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणते. वर स्वर्गात देवाच्या मनाप्रमाणे चालतं तसंच खाली पृथ्वीवरही चालू दे, असं मागणारी एक ओळ त्या प्रार्थनेत आहे. ती ओळ आली की दगडाआज्जी तोंड मिटायची. विसरल्यासारखी गप्प राहायची नाही. ओठ आवळून, हनुवटी वर करून समोरच्या पत्र्याकडे बघत उभी राहायची. पुढची, रोजची भाकरी मागणारी ओळ आली, की सगळ्यांत मोठा आवाज पुन्हा तिचाच.

नऊ वर्षं हे चाललं होतं. आणि तिला कोणी काही म्हणू शकत नव्हतं, कारण आम्ही ज्या पत्र्याखाली उभे असायचो तो पत्राच तिचा होता. कडेगावपासून पाच किलोमीटरवर, ऊस संपून माळ सुरू होतो तिथं तिचं तीन खोल्यांचं घर आहे. घराला लागून शेड. आठवडाभर त्यात आठ शेरडं आणि पाच माडग्याळ जातीच्या मेंढ्या असतात. शनिवारी संध्याकाळी आज्जी जनावरं बाहेर बाभळीखाली बांधते, शेड धुऊन काढते, चटया अंथरते. रविवारी तिथं आमची वीस-पंचवीस माणसांची मंडळी जमते. फिनेलचा वास येतो, त्याच्याखाली लेंड्यांचाही येतो. पास्टर राजवर्धन मलकापूरहून मोटरसायकलवर येतात.

पास्टरांनी एकदा विषय काढून बघितला होता.

"मावशी, ती एक ओळ तुम्ही गाळता. प्रार्थना अर्धी राहते."

"अर्धी कशी? एक वळ कमी. बाकीची समदी म्हंती की मी."

"पण आपली इच्छा देवाच्या हाती देणं, हेच तर सगळ्याचं मूळ आहे."

"एकदा दिलती," आज्जी म्हणाली. "त्येनं काय केलं ते बघितलंसा न्हवं?"

पास्टरांनी मग पुन्हा विषय काढला नाही.

दगडाआज्जी आटपाडीकडच्या माळावरची, मेंढपाळाची लेक. दिवाळी झाली की तिचा बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा. निघायच्या आधी बिरदेवाच्या देवळात कौल लावायचा. देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. डावी पडली की बाप पुजाऱ्याला म्हणायचा, "पुन्यांदा लाव. देवाला नीट ऐकू गेलं नसंल." हे सांगताना आज्जी अजूनही हसते. बापाला निघायचंच असायचं, त्यामुळं कधी कधी देवाला तीन-तीनदा ऐकावं लागायचं.

ती तेविशीत असताना तिचा एकुलता एक मुलगा सूरज आठ महिन्यांचा होता. त्याच्या छातीत कफ झाला आणि ती त्याला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात एकोणीस दिवस राहिली. तिथं फरशी पुसणारी रंगूबाई नावाची ख्रिस्ती बाई होती. आज्जी म्हणते, डॉक्टर लांबनं बोलायचे, रंगूबाई बादली खाली ठेवून शेजारी बसायची. एक दिवस रंगूबाई म्हणाली, "देवाला सांग, तुज्या मनात आसंल तसं कर."

"आन त्येच्या मनात वंगाळ आसलं तर?" आज्जीनं विचारलं.

"तवा बी त्यो सोडून जात न्हाई."

आज्जीनं ते वाक्य म्हटलं. पोरगं वाचलं. उजवी पाकळी पडली, असंच तिनं धरलं. घरी येऊन तिनं आणि नवऱ्यानं, भाऊसोनं, येशूचं नाव घेतलं. दीर तात्याबा पंधरा वर्षं त्यांच्या घरचं पाणी प्याला नाही. आज्जीनं त्याची पर्वा केली नाही. पाण्याला काय, विहिरीवर पीत असंल, म्हणायची.

सूरज वाढला, फौजेत गेला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बत्तिसाव्या वर्षी अरुणाचलात त्याची गाडी दरीत गेली. पेटी घरी आली तेव्हा त्याची मुलगी उत्कर्षा अकरा वर्षांची होती. भाऊसो त्याच्या आधीच गेला होता. मातीच्या वेळी तेव्हाचे पाळक म्हणाले की देवाची इच्छा. पुढच्या रविवारी ती ओळ आली आणि आज्जीचं तोंड मिटलं.

पण तिनं देव सोडला नाही. हे लोकांना कळायचं नाही. शेरडं चारताना ती बांधावर मोठ्यानं देवाशी भांडायची, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू जायचं. "बरा केलास तवा तुजी मर्जी म्हणलं. आता बी म्हणू व्हय? लाज वाटत न्हाई मागायला?" तोवर तात्याबाचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं होतं. तो एकदा म्हणाला, "वैनी, देव सोडायचा आसला तर नीट सोडा की. रोज भांडताय कशाला?"

"सोडल्याल्याशी कोण भांडतंय?" आज्जी म्हणाली.

आता वचनांच्या पेटीचं सांगायला हवं. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मंडळीतला प्रत्येक जण पेटीतून एक कार्ड काढतो. त्यावर शास्त्रातलं एक वचन असतं, ते त्याचं वर्षभराचं. आमची जुनी कार्डं फाटली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नवी छापून लॅमिनेट करून दिली. एकशे एक कार्डं. पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तो आज्जीच्या फळीवर असतो. आज्जीला वाचता येतं. सूरज दुसरीत असताना त्याच्याच पुस्तकावर ती शिकली. बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत वाचते.

या जानेवारीच्या अखेरीला उत्कर्षाला सीमा सुरक्षा दलाचं पत्र आलं. दोन वर्षं ती पोरगी पहाटे पाचला कालव्याच्या रस्त्यावर पळत होती. ट्रेनिंग पार बंगालच्या टोकाला, चोवीस फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं. तिची आई रेश्मा अंगणवाडीत मदतनीस आहे. ती आधी रडली, मग साखर वाटली, मग पुन्हा रडली. आज्जी चार दिवस काहीच बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती हातात एक कार्ड घेऊन बाहेर आली आणि तिनं ते उत्कर्षासमोर धरलं.

"काल पेटीतनं काडलं. तुज्या जाण्याचं इचारून. वाच."

आपल्या ठिकाणी राहा, तिथंच तुम्ही सुखरूप असाल, अशा अर्थाचं ते वचन होतं.

"देव नगं म्हणतोय," आज्जी म्हणाली.

रेश्माला खरं वाटलं. पास्टरांना खरं वाटलं. मलाही वाटलं, आणि उत्कर्षाला तर सगळ्यांत जास्त. कारण साधं होतं. जी बाई नऊ वर्षं देवाला तोंडावर नाही म्हणते, ती त्याच्या नावानं खोटं कशाला बोलेल? पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पळायचे बूट धुतले, वाळवले आणि खिळ्याला टांगले.

तात्याबाला बातमी कळली तसा तो आला. तो खुशीत होता.

"तुमच्यात बी कौल आसतोय व्हय, वैनी? मग चाळीस वरसं आमचं काय चुकत हुतं?"

"गप बसा, भावजी."

"न्हाई, इचारतोय. तुमची पेटी, आमची पाकळी. पोरगी तर घरात ऱ्हायली का न्हाई? माज्या बघण्यात लग्नाची एक जागा हाय, आष्ट्याची—"

"चा पिऊन जावा," आज्जी म्हणाली आणि चहा न ठेवताच शेरडांकडं निघून गेली. त्या दिवसांत तिचं बांधावरचं भांडणही ऐकू येईना. रेश्मा सासूला आत्या म्हणते; ती म्हणाली, आत्यांना ताप बीप आलाय का बघायला पाहिजे.

हजर व्हायला नऊ दिवस राहिले होते, तो रविवार. शेड भरलं होतं. तात्याबा येतो पण आत बसत नाही, चप्पल घालून दाराशी उभा राहतो. तसाच होता. पास्टरांनी उत्कर्षाला साक्ष द्यायला उभं केलं. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. ती उभी राहिली. वर्गात पाठ केलेला धडा म्हणावा तशी म्हणाली, "माझी जायची लय इच्छा होती. पण देवाची इच्छा नाही. म्हणून मी माझी इच्छा सोडली." आणि खाली बसली. तिनं डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुसलं नाही.

पास्टरांचा आवाज भरून आला. ते मनापासून बोलत होते, यात मला शंका नाही. "वीस वर्षांच्या लेकरानं करून दाखवलं," ते म्हणाले. "आता नातीच्या पाठीमागं आज्जीनं यावं. मावशी, आज ती ओळ आपण सगळे मिळून म्हणू या. तुमच्यासकट."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. आज्जी भिंतीला टेकून बसली होती. ती गुडघ्यावर हात देत उठली.

"म्हणणार न्हाई."

"मावशी, पोरीनं एवढं केलं—"

"पोरीनं देवाचं कुटं ऐकलं? माजं ऐकलं. ते कार्ड तिसऱ्यांदा काडल्यालं हाय."

बाहेर बाभळीखाली मेंढी ओरडत होती तेवढीच. पास्टर थोडे गडबडले, पण सावरले.

"तिसऱ्यांदा," ते म्हणाले. "हरकत नाही. तीन हा आकडा शास्त्रात साधा नाही, मावशी. तिसऱ्या दिवशीच तर आपला प्रभू—"

पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माना डोलायला लागल्या.

"अकरा," आज्जी म्हणाली.

"काय?"

"लाजंनं तीन सांगिटलं. अकरावं हाय ते. धा बारीला परत पेटीत घातलं."

"अकरा!" दारातून तात्याबा ओरडला. "आवं वैनी, आमचा पुजारी बी तिनाच्या वर लावत न्हाई!"

कोणीतरी फिसकन हसलं आणि तोंड दाबलं. उत्कर्षा हसली नाही. ती उभी राहिली होती.

"पहिल्यात काय होतं?" तिनं विचारलं.

"जा म्हणलं हुतं. जाशील तितं मी हाय, आसलं कायतरी."

"दुसऱ्यात?"

"मेंढरांचं. त्यात तुजं नाव न्हवतं."

पास्टरांनी हात वर केला. "म्हणजे पहिलं वचन खरं धरायचं! देवानं तर पहिल्यांदाच सांगितलं होतं—"

"ते बी न्हाई!" आज्जीचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. "पेटी देव न्हाई, पास्टर. कागूद हाय. ह्या पोरानं मशिनीत घालून चिकटावलाय." तिनं माझ्याकडं बोट केलं. "बा माजा पाकळी लावायचा तवा मी हसायची. आन चाळीस वरसांनी मी बी त्येच केलं. पाकळीच्या जागी कार्ड, येवढंच."

"अठरा दिवस, आज्जे," उत्कर्षा म्हणाली. "अठरा दिवस मी पळाले नाही."

"व्हय."

"तू देवाचं नाव घेतलंस."

"व्हय, घेतलं."

"का?"

आज्जीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"सूरजच्या येळंला त्येच्या मनासारखं झालं," ती म्हणाली. "ह्या येळंला माज्या मनासारखं पायजे हुतं."

रेश्मानं डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. पास्टर दोन पावलं पुढं आले. खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, हाच पश्चात्ताप. आता तरी ती ओळ म्हणा. मन मोकळं होईल."

"तुमी म्हणा म्हणल्यावर? न्हाई."

"अहो, पण—"

"वाकायचं आसलं तर मी त्येच्याफुडं वाकंन. त्येचं नाव घिऊन कुणी मान दाबली तर न्हाई वाकायची. तुमी न्हाई, भावजींनी न्हाई." तिनं नातीकडं बघितलं. "मी हिची तशीच दाबली. ही खुळी वाकली."

"मी खुळी नाही," उत्कर्षा म्हणाली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला." आणि ती चटयांच्या मधून, कोणाच्या पायावर पाय पडतोय हे न बघता बाहेर गेली. त्या रविवारी प्रभूची प्रार्थना झालीच नाही. पास्टरांनी आशीर्वाद दिला आणि माणसं उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे खिळ्यावर बूट नव्हते. अठरा दिवसांत पोरीचा दम गेला होता. पहिल्या फेरीलाच तिनं कमरेवर हात ठेवले. आज्जी अंधारातच शेरडं घेऊन कालव्यावर आली होती. इतक्या लवकर शेरडं कोणी सोडत नाही. ती बांधावर पाय पसरून बसली. माफी मागायला आली नव्हती, कारण एक शब्दही बोलली नाही. उत्कर्षा तिच्या समोरून गेली, आली, गेली. तिनं मान वळवली नाही.

घरातही दोघी बोलत नव्हत्या. रेश्मा म्हणायची, दोघींच्या मधे मी टेलिफोन झालीय. तात्याबानं आष्ट्याच्या जागेचं पुन्हा काढून बघितलं, तेव्हा आज्जीनं त्याला दारातच अडवलं. "पोरगीला इचारा. आन ती न्हाई म्हणली तर दुसऱ्यांदा इचारू नगा. दुसऱ्यांदा इचारायची खोड कशी आसती ते मला इचारा."

पाचव्या पहाटे उत्कर्षा पळता पळता आज्जीपुढं थांबली. धापा टाकत म्हणाली, "पाय आवर की. वाट अडतीय."

"एवढी रुंद वाट हाय. मिल्ट्रीत काय हत्ती घिऊन जाणार हायस?"

"हत्ती इथंच बसलाय," उत्कर्षा म्हणाली आणि पुढं पळाली. आज्जीनं पाय आवरले नाहीत. पण त्या दिवशी बांधावरचं भांडण पुन्हा सुरू झालं. मी गाडीवरून जाताना ऐकलं. "कमरंत उसण भरलीया तिच्या, ते बग. मला काय दावतोस?"

निघायच्या दिवशी दुपारी मिरजेहून गाडी होती. सामान दाराशी आलं होतं. उत्कर्षा आत गेली आणि फळीवरचा डबा घेऊन आली.

"एक काढते, आज्जे. जाताना सोबतीला."

आज्जीनं झाकणावर हात ठेवला. "नगं."

"एकच गं."

"राहा निगालं तर ऱ्हाशील?"

उत्कर्षानं मान हलवली. "नाही."

"मग इचारायचं कशाला? जा. त्यो वाटंत भेटंल न्हाईतर गाठंल. मला त्येची खोड म्हाईत हाय, पाठ सोडत न्हाई."

नातीनं वाकून पाय धरले. ख्रिस्ती घरात असं करतात का, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. आज्जी स्टेशनला गेली नाही. "मी आले तर डब्याला लोंबकळंन," म्हणाली. ट्रंक कोणी उचलली? तात्याबानं. बंगालच्या गाडीत बसवून येतो, वाटंत त्या आष्ट्याचं नाव काडत न्हाई, अशी त्यानं आधीच सगळ्यांसमोर हमी दिली. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली तेव्हा आज्जी आतून तांब्या घेऊन आली. तिच्या हातचं पाणी तो प्याला आणि मिशी पुसत म्हणाला, "विहिरीपक्षा बरं हाय."

पुढच्या रविवारी पास्टर लवकर आले. डबा हातात घेऊन बघत राहिले. "मावशी, हा मी मलकापूरला घेऊन जाऊ का?"

"ऱ्हाऊ द्या. वाचाया बरी हायत. इचारायला न्हाईत."

ते हसले. चांगले मोकळे हसले. त्या दिवशी त्यांनी कोणाला साक्ष द्यायला लावली नाही, कोणाला काही म्हणायलाही लावलं नाही. शेवटी आम्ही उभे राहिलो. प्रार्थना सुरू झाली आणि ती ओळ जवळ आली तसे आमचे आवाज आपोआप बारीक झाले. सगळ्यांचे कान मागं होते. ओळ आली. आज्जीचं तोंड मिटलेलं. हनुवटी वर, नजर पत्र्यावर. ओळ गेली. आम्ही भाकरीच्या ओळीवर आलो. कोणाच्या मनात काय आलं माहीत नाही, माझा तरी आवाज उतरला.

आणि तेव्हा, आमच्या भाकरीच्या मधेच, मागून आज्जीचा आवाज आला. ती ओळ. एकटीनं, सगळी, एकही शब्द न गाळता. विनवणीचा सूर त्यात नव्हता. बांधावर भांडते त्याच आवाजात, समोरच्याच्या छातीवर बोट ठेवून बोलावं तशी ती बोलली. आमची प्रार्थना तुटली.

आज्जी पत्र्याकडंच बघत होती.

"म्हणलीया," ती म्हणाली. "पर ध्यान ठेव. मी बगत हाय."

मग तिनं मान खाली घेतली आणि आम्हाला बघितलं. पंचवीस माणसं तोंड उघडं टाकून तिच्याकडं वळली होती, पास्टरांसकट.

"थांबलासा का?" ती खेकसली. "फुडं म्हणा की. भाकरीवर हुतासा."